सत्काराची शाल कुठं गेली

आमच्या मराठी मंडळाच्या इतिवृत्तात त्या शुक्रवारची नोंद अशी आहे: 'हिवाळी स्नेहसहल अत्यंत उत्साहात पार पडली. प्रमुख पाहुण्यांचा नियोजित सत्कार तांत्रिक कारणामुळे होऊ शकला नाही.' ते तांत्रिक कारण म्हणजे मी. इतिवृत्तात माझं नाव घालण्याचं सौजन्य किंवा धैर्य कुणी दाखवलं नाही, म्हणून ही हकीकत मीच लिहून ठेवते आहे. राग अजून उतरलेला नाही हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक व्हायची नाही.

कुवेतच्या फहाहीलमध्ये राहून आम्हाला सतरा वर्षं झाली. मी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. नवरा तेलाच्या एका ठेकेदाराकडे इंजिनिअर आहे आणि मंडळाचा उपाध्यक्षही. मंडळात उपाध्यक्षाचं काम म्हणजे अध्यक्षांनी ठरवलेल्या गोष्टीला गाडी पुरवणं. आमची गाडी सात जणांची आहे. आम्हाला इतका मान का मिळतो, याचं दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बकाला आहे. इथं किराण्याच्या छोट्या दुकानाला सगळे बकालाच म्हणतात. तो चालवतात ते आमचे चाचा. रायगडच्या किनाऱ्यावरचे, श्रीवर्धनच्या बाजूचे. कुवेतला येऊन अठ्ठावीस वर्षं झालेली. माझ्या मुलीनं बोबडं बोलत पहिलं वाक्य चाचांच्या काउंटरवर बसून टाकलं, ते मराठीत होतं. आता ती बारा वर्षांची आहे आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. पण चाचांशी मात्र मराठीत भांडते, कारण चाचांना इंग्रजी येतं हे तिला माहीत नाही. तिला कळू नये याची काळजी चाचा घेतात.

चाचा म्हणजे काही संत नव्हेत. तारीख जवळ आलेली बिस्किटं ते नेहमी पुढच्या रांगेत मांडतात आणि विचारलं तर म्हणतात, "बाय, ती खपायची तर तूच नको का खपवायला? परकी माणसं कशाला?"

या हिवाळ्यात मंडळानं पुण्याहून एक व्याख्याते बोलावले. विषय होता 'सातासमुद्रापारचा मराठी माणूस'. पुण्याहून इथं यायला एकच समुद्र लागतो आणि तोही विमानाची खिडकी बंद असली तर दिसत नाही. पण व्याख्यानाच्या विषयात एक समुद्र शोभत नाही. व्याख्यात्यांची सोय कुवेत शहरातल्या शर्कच्या एका हॉटेलात केली होती. समुद्र दिसणारी खोली, सकाळी पोहे मिळतील याची लेखी हमी. व्याख्यान वाळवंटात, तंबूत व्हावं ही कल्पना अध्यक्षांची. "पाहुण्यांना अस्सल अनुभव मिळेल," ते म्हणाले. अस्सल अनुभवासाठी सोफे कुठून भाड्यानं आणायचे, यावर पुढची तीन चतुर्थांश बैठक झाली.

अडचण एकच होती. थंडीत वाळवंटात तंबू ठोकायचा परवाना फक्त कुवेती नागरिकाच्या नावावर मिळतो. मंडळात कुवेती कोण असणार? मग सगळ्यांना चाचा आठवले. चाचांच्या कफीलचा, म्हणजे ज्या कुवेती मालकाच्या जबाबदारीवर ते या देशात राहतात त्याचा, दक्षिणेला वफ्राच्या मळ्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर दर हिवाळ्यात मोठा तंबू असतो. चाचांनी एक फोन केला आणि तो तंबू शुक्रवारपुरता मंडळाला मिळाला. जनरेटर, पाण्याची टाकी, गालिचे, सगळ्यासकट. चाचांनी बदल्यात काहीच मागितलं नाही.

मागितलं मी. मी अध्यक्षांना फोन करून सांगितलं की चाचा आणि चाची सहलीला येतील.

चाची तेव्हा इथं होत्या. लग्नाला तीस वर्षं झालेली आणि नवरा ज्या देशात राहतो तो देश त्यांनी कधी पाहिला नव्हता. नातेवाइकांना बोलवायचे नियम हल्ली सैल झाले, म्हणून चाचांना पहिल्यांदा बायकोसाठी महिन्याचा व्हिसा मिळाला. महिन्यातले सव्वीस दिवस चाचींनी दुकानामागच्या खोलीत काढले, कारण दुकान सोडून चाचांना कुठं जाता येईना. मी त्यांना एकदा मासळीबाजारात नेलं. तिथं इथल्या झुबैदीचा, म्हणजे आपल्या पापलेटचा, डोळा बघून त्या विकणाऱ्याला म्हणाल्या, "हा कालचा." तो इराणी होता, पण त्याला कळलं.

परत येताना त्यांनी मला विचारलं, "गो, ती वफ्राची बाग लांब आहे काय?"

कुठली बाग? तेव्हा मला गोष्ट कळली. चाचा पहिल्यांदा इथं आले ते वफ्रातल्या एका मळ्यावर. बागेच्या कंपनीत सुपरवायझर. निघताना चाचींनी त्यांच्या पिशवीत एका चिंधीला गाठ मारून शेवग्याच्या बिया दिल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या अंगणातल्या. चाचांनी त्या मळ्यावर लावल्या. एक झाड जगलं. पुढं आठ वर्षं प्रत्येक पत्रात चाची झाडाची चौकशी करायच्या आणि प्रत्येक पत्रात चाचा लिहायचे, झाड बरं आहे. मग ते फहाहीलला दुकानात आले, पत्रं जाऊन फोन आला. पण झाड तिथंच होतं.

"मला दुसरं काय बघायचं नाय," चाची म्हणाल्या. "मॉल झाला बघून. तेवढं झाड एकदा बघते, म्हणजे घरी जाऊन सांगता येल."

"चाचा नेत नाहीत का?"

"हे? ह्यांना विचारलं की म्हणतात, अगो, झाडच ते, त्यात काय बघायचं."

आणि चाचा नेणार तरी कसे? इथं परदेशी माणसाला गाडीचा परवाना मिळायला वरचा पगार लागतो आणि पदवी लागते. वीस वर्षं या शहराला दूध-पाव पोचवणाऱ्या माणसाकडं दोन्ही नाही. मी तिथल्या तिथं शब्द दिला. तंबू वफ्राच्याच वाटेवर आहे, तिथून मळा अर्ध्या तासावर. जेवणं झाली की तीन वाजता निघायचं, चारच्या आत झाडाखाली. चाचांनी मळ्याच्या राखणदाराला फोन केला. तो म्हणाला, या, पण मगरीबच्या, सूर्यास्ताच्या, नमाजाला मी फाटक लावून घेतो. म्हणजे पाचच्या आत. शनिवारी संध्याकाळी चाचींचं विमान होतं. दुसरा शुक्रवार नव्हता.

हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगितलं की दोघं येतील.

"हो हो, छानच," अध्यक्ष म्हणाले. मग जरा थांबून, "पण वहिनी, कसं आहे, सहल मराठी कुटुंबांसाठी आहे."

"ती मराठीच आहेत."

"तसं नव्हे. म्हणजे आपले."

"तंबू कुणाचा आहे?" मी विचारलं.

यावर ते हसले. अध्यक्ष कधी रागावत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे. दुसऱ्या दिवशी नवऱ्यामार्फत तोडगा आला. चाचा-चाची यावेत, अवश्य यावेत, 'व्यवस्था' या सदराखाली. चाचा जनरेटर बघतील. आणि चाचींच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या उत्तम असतात असं ऐकलं आहे, तर पाहुण्यांना कोकणी चव मिळेल.

मी चिडले, नवऱ्यावर. तो म्हणाला, "येऊ तर देतायत ना? आल्यावर काय ते बघू." आणि मी गप्प बसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. सगळा राग दुसऱ्यांवर काढायचा आणि आपण केव्हा मान हलवली ते विसरायचं, असं मला करायचं नाही. मीच खाली जाऊन चाचींना भाकऱ्यांचं विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती जणांच्या?"

"पन्नास."

"आणि झाड?"

"तीनला निघायचं. माझा शब्द."

शुक्रवारी पहाटेच चाचा-चाची सामानाच्या पिकअपमधून पुढं गेले. आम्ही शर्कच्या हॉटेलातून पाहुण्यांना घेऊन साडेअकराला पोचलो. मागे हार, स्मृतिचिन्ह आणि आणखी काही पिशव्या अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं ठेवल्या होत्या. आमची गाडी अधिकृत होती. वाटेत पाहुणे वाळवंट बघून म्हणाले, "काय हे! एकही झाड नाही. इथं मराठी माणूस रुजला!" माझी मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "अंकल, झाडं आहेत, यू जस्ट हॅव टू गो फर्दर." ते तिला म्हणाले, "बाळ, मराठीत बोल." त्यानंतर ती दिवसभर त्यांच्याशी बोललीच नाही, म्हणजे मराठीचं तेवढं नुकसान झालंच.

तंबू देखणा होता. आतून लाल-काळ्या विणीचं कापड, चारी बाजूंना जमिनीवर गाद्या आणि लोड. कुवेती लोकांत मानाची जागा दारापासून सर्वांत लांब, समोरच्या भिंतीशी असते. येणारा आत आला की आधी ती दिसते. मंडळानं व्यासपीठ दाराशी मांडलं, कारण फलक तिथं नीट ताणला जात होता. दार अडलं, पाहुण्यांची पाठ दाराकडं आली. आत-बाहेर करणाऱ्याला सोफ्यांमागून वाकून जावं लागत होतं. चाचांनी एकदा हळूच सांगून पाहिलं, "साहेब, हिकडची रीत उलटी हाय." अध्यक्ष म्हणाले, "चाचा, तुम्ही जनरेटर बघा."

चाची तंबूमागं, वाऱ्याला पाठ करून, गॅसच्या शेगडीसमोर बसल्या होत्या. वाळवंटातली डिसेंबरची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून पटत नाही. ऊन असतं आणि हाडं काकडतात. चाचींच्या अंगावर सुती ओढणी होती. कुवेत म्हणजे उकाडा, एवढंच त्यांना गावात सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि चाचा एवढ्या वर्षांत थंडीबद्दल कधी बोलले नव्हते.

जेवताना पाहुण्यांनी तिसरी भाकरी मागितली आणि ती करणारीला भेटायची इच्छा दर्शवली. चाचींना बोलावण्यात आलं. त्या ओढणीला हात पुसत सोफ्यांमागून वाकून आल्या.

"अप्रतिम भाकरी," पाहुणे म्हणाले. "ही आपली संस्कृती. कुठल्या आपण?"

"श्रीवर्धनच्या अलीकडं. खाडीवर."

"वा! आणि मराठी किती सुंदर बोलता हो! कुठं शिकलात?"

चाचींना प्रश्न कळायला वेळ लागला. तो अपमान म्हणून कळला नाही, प्रश्न म्हणूनच कळेना.

"शिकवणार कोण?" त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं की हेच येतं."

"नाही, म्हणजे घरी काय बोलता? उर्दू?"

"घरी मी बोलते," चाची म्हणाल्या, "आणि हे ऐकतात. आणखी एक देऊ?"

बायका हसल्या. पाहुणेही हसले आणि अध्यक्षांना म्हणाले, "टिपून घ्या हो, मला भाषणात वापरता येईल." आणि त्यांनी वापरलं. दोन वाजता सुरू झालेल्या भाषणात चाची 'एक साधीभोळी परभाषिक भगिनी' म्हणून आल्या, मराठीच्या आकर्षणाचा पुरावा म्हणून. भगिनी त्या वेळी तंबूमागं पन्नास जणांची ताटं घासत होती. कापडाच्या भिंतीतून तिला सगळं ऐकू येत होतं.

मला पाहुण्यांचा तेवढा राग आला नाही. माणूस आयुष्यभर माईकमागं उभा राहिला की त्याला समोरचं कमी दिसतं, तो धंद्याचा विकार आहे. राग आला तो टाळ्यांचा. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे महिनाअखेरीला चाचांच्या दुकानातून सामान नेतात. त्यांच्या मुलांच्या तापात रात्री शटर वर करून इलेक्ट्रालची पाकिटं देणारा माणूस कोणत्या भाषेत विचारतो, "पोराला बरं हाय ना?" हे त्यांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही वाजवल्या.

तीन वाजले. भाषण शिवकालातून बाहेर यायला तयार नव्हतं. सव्वातीनला मी अध्यक्षांजवळ जाऊन बसले.

"मला गाडी घेऊन निघायचंय."

"आत्ता? वहिनी, गाडी पाहुण्यांची आहे."

"गाडी माझी आहे."

"म्हणजे आजच्यापुरती म्हणतोय. भाषण, मग सत्कार, मग सूर्यास्ताला वाळूत समूहछायाचित्र. साडेपाचला निघू. तुम्हाला कुठं जायचंय एवढं?"

मी सांगितलं. झाड, चाची, उद्याचं विमान, सगळं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "शेवगा ना? फहाहीलच्या सुपरमार्केटमध्ये मिळतो की. ताजा असतो."

मी बाहेर आले. जनरेटरशेजारी चाचा उकिडवे बसले होते. मी म्हटलं, "चाचा, बटण दाबा. दोन मिनिटांत संपेल भाषण."

चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं जणू मी दुकान फोडायला सांगितलं. "काय बोलतेस बाय? पावणा हाय. आपल्या तंबूत आलाय." मग म्हणाले, "जाऊ दे गो. झाडच ते." हे मी दुसऱ्यांदा ऐकत होते. मला तो त्यांचा चांगुलपणा वाटला. चांगुलपणा नव्हता, पण ते मला पुढं कळलं.

चाची कुठं आहेत म्हणून पाहिलं. त्या आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून वाळूवर बसल्या होत्या. भांडी घासून झाली होती. पायात चपलांऐवजी घरून आणलेले नवे बूट, लेस बांधलेल्या, ओढणी कानांवरून घट्ट. हातात रिकामी कापडी पिशवी, शेंगांसाठी. त्यांनी नुसतं सूर्याकडं पाहिलं, तो कुठवर आला आहे ते, आणि परत समोर.

त्या दिवशीचा माझा सगळा राग त्या बुटांच्या लेसांपाशी येऊन थांबला. तो शब्द माझा होता.

किल्ली नवऱ्याकडं होती. आणि नवरा व्यासपीठावर, पाहुण्यांच्या डाव्या बाजूला. मी दारातून, म्हणजे सोफ्यांमागून, वाकून त्याच्या कानाशी गेले. म्हटलं, "किल्ली." त्यानं अध्यक्षांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. किल्ली पाठीमागून हातात दिली. आणि मग अठरा वर्षांच्या संसारात त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. भर भाषणात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एक शंका आहे. पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल."

पाहुण्यांचा चेहरा उजळला. चाळीस मिनिटांची निश्चिंती होती. मी गाडीशी पळत आले तर मुलगी आधीच मागच्या सीटवर बसलेली. म्हणाली, "मॉम, फायनली. सूर्य चाललाय, लिटरली."

चार वाजायला दहा कमी होते. वफ्राचा रस्ता सरळ असतो, कंटाळा येईल इतका. उजवीकडं तेलाचे पंप मान वरखाली करत होते. चाचींनी जनरेटरपासून दंडाला धरून आणलेले चाचा पुढच्या सीटवर होते. फोन वाजत होता, अध्यक्ष. मग परत अध्यक्ष. मग मुलीच्या फोनवर अध्यक्ष. ती म्हणाली, "ही सेज दे नीड द बॅग्स." मी म्हटलं, ड्रायव्हिंग करताना फोनवर बोलायला या देशात बंदी आहे. मी कायदा पाळणारी बाई आहे.

हरितगृहांचे पांढरे बोगदे सुरू झाले, काकड्यांच्या पेट्या, मग कुंपणं. चाचांनी हातानंच वळणं दाखवली. एकदाही चुकले नाहीत. फाटकाशी राखणदार उभा होता, पिकल्या दाढीचा बांगलादेशी. चाचांना बघून त्यानं मिठीच मारली.

गाडीतून उतरल्याबरोबर चाचींना हुडहुडी भरली. मी मागचं दार उघडून काही गरम मिळतं का बघू लागले आणि मला त्या पिशव्या सापडल्या. स्मृतिचिन्ह. नारळ. आणि जरीकाठी, जाड, मरून रंगाची शाल. सत्काराची. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अध्यक्ष फोन कशासाठी करत होते. मी शाल उलगडली आणि चाचींच्या खांद्यांवर घातली. चाचींनी नारळ उचलून कानाशी हलवला आणि परत ठेवला. "पानी नाय यात. कुनाला देनार होते?"

झाड मळ्याच्या मागच्या टोकाला होतं. मोठं झालं होतं, शेवगा इतका जाड मी कधी पाहिला नव्हता. शेंगा लटकत होत्या. चाची झपझप पुढं गेल्या, बुंध्याला हात लावला, वर पाहिलं. मग खाली पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

मला काही वेगळं दिसलं नाही. मी शहरातली. त्यांना दिसलं. झाडाला माणसाच्या कमरेच्या जरा वरपर्यंत एकही पान नव्हतं. फांदी नव्हती. सालही जुनी, कुरतडून गुळगुळीत झालेली. ओळ आखल्यासारखं.

"हितं शेळ्या बांधतात," चाची म्हणाल्या.

"आता बांधतात," चाचा म्हणाले.

"ही साल आत्ताची नाय."

राखणदार बिचारा कौतुकानं पुढं आला. झाडापलीकडं एक पत्र्याची खोपटी होती, शेळ्यांच्या गोठ्याला लागून, मधे दारही नसलेली. तिच्याकडं हात करून तो म्हणाला, "भाभी, यही था भाई का कमरा. आठ साल. ऐसा बकरीवाला फिर नहीं मिला मालिक को."

चाचा वाळूत काहीतरी शोधू लागले. आता मला ते दोनदा ऐकलेलं 'झाडच ते' कळलं. मी दिवसभर ज्यांच्या वतीनं रागावले होते त्या चाचांना इथं यायचंच नव्हतं.

चाची खोपटीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. दुपारी माईकवरून त्यांना परभाषिक म्हटलं तेव्हा तो चढला नव्हता.

"बागेची कंपनी?"

"होतीच बाग. काकड्या होत्या."

"सुपरवायझर?"

"सुपरवायझरच होतो," चाचा म्हणाले. "एकशे चाळीस जणांचा."

"हसू नका. मी वाडीभर सांगत फिरले. आमच्या घरात शेळ्या नव्हत्या? माझ्या बापानं काय हत्ती पाळलेले? मला लाज वाटेल असं वाटलं तुमाला?"

चाचींनी पुन्हा खोपटीकडं पाहिलं.

"हितं निजायचात? ह्या पत्र्याखाली? ह्या थंडीत?"

"सवय होते."

"दर साली पत्रात मी विचारायचे, काय पाठवू. दर साली लिवायचात, हिकडं सगळं हाय. माझ्या आईची गोधडी होती, जाड, ती मी ननंदेला देऊन टाकली. हिकडं सगळं हाय म्हनून!" त्यांनी खांद्यावरची शाल ओढून काढली आणि चाचांच्या अंगावर अशी टाकली की घातली म्हणायचं की फेकली, मला ठरवता आलं नाही. "घ्या. पांघरा."

चाचांनी ती मुकाट्यानं पांघरली. जरीचा काठ उलटा आला होता.

पुढं मंडळाला मी तशीच दुसरी शाल विकत घेऊन दिली, ती टपालानं पुण्याला गेली, स्मृतिचिन्हासकट. मूळ शाल बकाल्यात आहे. थंडीत दुधाचा फ्रीज उघडझाप करताना चाचा ती अंगावर घेतात. अध्यक्ष रोज सकाळी तिथूनच दूध नेतात. त्यांनी ती ओळखली आहे की नाही, मी विचारलेलं नाही. नवरा आता उपाध्यक्ष नाही. पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दलची त्याची शंका मात्र त्या दिवशी पूर्ण फिटली, असं तो म्हणतो.

अजान झाली तेव्हा आम्ही फाटकाबाहेर होतो. चाचींनी रागातच शेंगा तोडल्या होत्या, पिशवी भरून वर बोटं येतील एवढ्या, आणि आता ती मांडीवर घेऊन मागच्या सीटवर मुलीशेजारी बसल्या होत्या. मुलगी झोपली.

मग अंधारातून चाचींचा आवाज आला. "नावं होती त्यांना?"

"कुनाला?"

"शेळ्यांना."

चाचा पुढं बघत म्हणाले, "मालक कुठला नाव ठेवतोय. मी ठेवलेली. सगळ्यांना नाय, थोड्यांना."

"माझं होतं त्यात?"

मी आरशात पाहिलं. चाची पुढं वाकल्या होत्या.

"होतं," चाचा म्हणाले. "लई ओरडायची."

त्यांच्या डोक्यात शेवग्याची शेंग बसली, ओली, लांबलचक, आणि मधोमध मोडली.